माल वरून आला नाही

स्वस्त औषधांविषयी माझी तक्रार असेल तर ती एवढीच, की ती फारच स्वस्त आहेत. पुष्कळदा तर त्यांचे पैसे द्यायची वेळच येत नाही. जनऔषधी केंद्रात जावं, चिठ्ठी पुढे करावी, काउंटरमागच्या मुलाने ती वाचावी, कपाटाकडे न बघताच मान हलवावी आणि आपण खिशात घातलेला हात तसाच रिकामा बाहेर काढावा. पाटीवर पन्नास ते नव्वद टक्के बचतीचं आश्वासन असतं. इथे शंभर टक्के बचत होते, आणि सरकारचा मोठेपणा असा की त्याची कुठे जाहिरातसुद्धा नाही.

बारामती आणि इंदापूर हे काही आडबाजूचे तालुके नव्हेत. बारामतीत सरकारी मेडिकल कॉलेज आहे, उपजिल्हा रुग्णालय आहे, महिला रुग्णालय आहे. इंदापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे. गावोगावी प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि उपकेंद्रं आहेत. खासगी दवाखान्यांची तर मोजदादच नको. शिवाय जनऔषधी केंद्रं आहेत. म्हणजे डॉक्टर, इमारत, पाटी आणि रुग्ण या चारही गोष्टींचा पुरवठा सुरळीत आहे. पाचवी गोष्ट तेवढी अधूनमधून अडते.

आमच्या घरी आईला बीपी आहे आणि आप्पांना बीपी आणि शुगर दोन्ही. यात सांगण्यासारखं काही नाही, आमच्या आळीत घरटी हेच आहे. या आजारांची अडचण एवढीच की त्यांची गोळी रोज लागते. सणावाराला घेतली आणि एरवी सोडली, असं चालत नाही. उसाला पाणी पाळीने मिळालं तरी ऊस तग धरतो, आप्पांची शुगर धरत नाही. त्यामुळे महिना संपत आला की मी चिठ्ठी घेऊन निघतो.

केंद्रात औषधं संपतात, पण उत्तरं कधी संपत नाहीत. पहिलं उत्तर, ‘माल वरून आला नाही.’ हे सर्वात प्रामाणिक. दुसरं, ‘ऑर्डर टाकलीय.’ यात आशा आहे, तारीख नाही. तिसरं, ‘सोमवारी या.’ कोणत्या, ते विचारायचं नसतं. विचारलं तर समोरचा माणूस आपल्याकडे वेंधळ्याकडे बघावं तसा बघतो. चौथं, ‘कालच संपली बघा काका.’ हे ऐकायला सर्वात वाईट, कारण त्यातून कळतं की गोळी अस्तित्वात आहे, ती केंद्रात येते, आणि आपण सोडून बाकी कुणाला तरी मिळते. पाचवं उत्तर चिठ्ठीवरची निम्मी औषधं काउंटरवर काढून ठेवल्यावर येतं, ‘बाकीची बाहेर मेडिकलला मिळतील.’ बाहेरच्या मेडिकलला मिळतील हे आम्हाला केंद्र उघडायच्या आधीही ठाऊक होतं.

कपाटं रिकामी असतात असं मात्र म्हणू नये. आमच्या दोन तालुक्यांतल्या एका केंद्रात मी गेलो तेव्हा प्रोटीन पावडरचे डबे वरपासून खालपर्यंत रांगेत उभे होते. व्हिटॅमिनच्या गोळ्या होत्या, गुडघ्याला लावायचं मलम होतं, एक रुपयाला एक मिळणाऱ्या ‘सुविधा’ सॅनिटरी पॅडची पाकिटं होती. ती होती ही फार चांगली गोष्ट. फक्त आप्पांची टेल्मिसार्टन २० औषधालाही सापडली नाही. तिच्याऐवजी ४० होती. ‘अर्धी करून द्या,’ असा सल्ला मिळाला. तेव्हापासून आई विळीवर गोळी धरते आणि एक भाग मोठा, एक भाग छोटा असा डोस पडतो. आप्पांना मोठा भाग कुठल्या दिवशी आणि छोटा कुठल्या दिवशी, हे विळी ठरवते. शुगरच्या गोळीच्या बाबतीत तीही सोय नाही. मेटफॉर्मिन एसआर ५०० संपली आणि १००० शिल्लक होती. पण एसआर म्हणजे पोटात हळूहळू विरघळणारी गोळी, ती तोडली की हळूहळू विरघळणं बंद. हे मला काउंटरवरच्या मुलाने सांगितलं, आणि त्याबद्दल मी त्याचा आभारी आहे. गोळी त्याच्याकडे नव्हती, पण माहिती होती.

त्याच काउंटरवर माझ्या पुढे एक आजी उभ्या होत्या. पिशवीतून दुसरी पिशवी, त्यातून रुमाल, आणि रुमालात गुंडाळलेली रिकामी स्ट्रिप. ती त्यांनी काचेवर ठेवली. मुलाने कपाटातून नवी स्ट्रिप काढून शेजारी ठेवली. आजींनी दोन्ही निरखून पाहिल्या.

‘ही ती न्हाई. मागची गुलाबी व्हती.’

‘आजी, औषध तेच आहे. कंपनी बदललीय.’

‘मग रंग का बदलला?’

याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं आणि ते सोपंही नाही. जनऔषधी योजनेची खरेदी केंद्र सरकारचं एक ब्युरो टेंडर काढून करतं. आज या कारखान्याचं टेंडर, उद्या त्या कारखान्याचं. ब्युरो प्रत्येक बॅच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घेतं, म्हणून गुणात फरक पडू नये. पण गोळी कधी गुलाबी, कधी पांढरी, कधी लंबोळी येते. ज्यांना अक्षर येत नाही त्यांना रंग हेच औषधाचं नाव असतं. आजी शेवटी ती पांढरी स्ट्रिप घेऊन गेल्या. जाताना म्हणाल्या, ‘दोन्ही खाऊन बघते, कंची लागू पडती ती.’ मुलाने कपाळाला हात लावला आणि त्यांना परत बोलावून समजावलं. मागे रांग खोळंबली होती, त्या रांगेनेही समजावलं.

मग हा माल येतो तरी कुठून, हे मी जरा माहीत करून घेतलं. गुरुग्रामला मुख्य गोदाम आहे. शिवाय बेंगळुरू, चेन्नई, गुवाहाटी आणि सुरत इथे गोदामं आहेत. गोदामातून वितरकाकडे, वितरकाकडून केंद्रात, असा गोळीचा प्रवास. प्रवास लांबचा आहे, हे मान्य. पण लांबच्या प्रवासाची आमच्या भागाला सवय आहे. उजनीतला मासा भिगवणच्या बाजारात येतो, लिलाव होतो, बर्फात बसतो आणि परगावी रवाना होतो. मासा नाशवंत माल, तरी त्याची वेळ चुकत नाही. इंदापूरची द्राक्षं आणि डाळिंबं परदेशात जातात. निर्यातीच्या द्राक्षांसाठी अपेडा या सरकारी निर्यात संस्थेची ‘ग्रेपनेट’ नावाची व्यवस्था आहे. तीत बागेची नोंद असते, फवारणीची असते, तपासणीची असते. युरोपातल्या दुकानात पेटीत खोट निघाली तर ती कुठल्या शेतकऱ्याच्या कुठल्या प्लॉटमधली, इथपर्यंत माग काढता येतो. म्हणजे परदेशातल्या माणसाला आमचं द्राक्ष कुठून आलं ते कळू शकतं. आमची मेटफॉर्मिन कुठपर्यंत आली आहे, हे मात्र इंदापुरात उभ्या असलेल्या माणसाला कळत नाही.

मोबाइलवर ‘जनऔषधी सुगम’ नावाचं ॲप आहे, २०१९ पासून. जवळचं केंद्र कुठे, औषधाची किंमत किती, बाजारातल्या महाग औषधाच्या तुलनेत किती पैसे वाचले, हे सगळं ते व्यवस्थित सांगतं. मी पैसे किती वाचतील ते घरीच बघून निघतो. आज ती गोळी त्या कपाटात आहे का, हे मला अजून तिथे गेल्याशिवाय कळलेलं नाही.

तिथे जाण्याची सोय मात्र सरकारने उत्तम केली आहे. ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत आहे. महिलांना मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहे. इंदापूरहून बारामती पन्नासेक किलोमीटर. आमच्या शेजारचे तात्या ‘सोमवारी या’ ऐकून सोमवारी जातात, पुढच्या सोमवारीही जातात. त्यांना एक पैसा पडत नाही. शेजारच्या मावशींना निम्मेच पडतात. औषध मिळत नसलं तरी ते न मिळण्याचा खर्च सरकारने आटोक्यात ठेवला आहे, हे कबूल केलं पाहिजे. बारामतीचं नवं बसस्थानकही ऐसपैस आहे. गोळी न घेता परतणाऱ्याला तिथे बसायला जागा मिळते.

कुणी म्हणेल, जनऔषधीत पैसे तरी मोजावे लागतात, सरकारी दवाखान्यात जा, तिथे सगळं मोफत. बरोबर आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केस पेपरपासून तपासण्यांपर्यंत सगळं मोफत झालं. निर्णय चांगलाच आहे, त्यात खोट काढायला जागा नाही. पूर्वी केस पेपरचे पैसे भरून ‘ही गोळी बाहेरून घ्या’ असं ऐकावं लागे. आता ते मोफत ऐकता येतं. औषधांचा साठा नोंदवायला ‘ई-औषधी’ ही संगणक प्रणालीही आहे. साठा किती, मागणी किती, हे तिच्यात दिसतं. ते खिडकीच्या आतल्या बाजूला दिसतं. आम्ही बाहेरच्या बाजूला उभे असतो.

राज्याने या प्रश्नावर काही केलं नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. २०१७ मध्ये ठरलं की सगळ्या सरकारी दवाखान्यांची औषधं एकाच ठिकाणाहून घ्यायची, आणि ते काम हाफकिन महामंडळाकडे दिलं. हाफकिनचं नाव लसींसाठी मोठं. खरेदी मात्र रखडली आणि राज्यभरातून ओरड सुरू झाली. मग २०२३ मध्ये कायदा करून महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन झालं. गोळी कुणी घ्यायची हे ठरवायला सहा वर्षं गेली. त्या सहा वर्षांत रोजची एक धरली तर आप्पांनी दोन हजारांवर गोळ्या घ्यायला हव्या होत्या.

याउलट तमिळनाडूने १९९४ मध्येच वैद्यकीय सेवा महामंडळ काढलं. त्यांची युक्ती अगदी साधी आहे. जिल्ह्याजिल्ह्यात गोदामं, आणि प्रत्येक दवाखान्याला एक पासबुक. त्यात वर्षाची रक्कम जमा. दवाखान्याने गोदामातून औषध उचललं की तेवढी रक्कम वजा. कुठलं औषध किती हवं हे दवाखाना ठरवतो, आणि त्याच्या नावावर किती उरलं ते त्याच्या हातात लिहिलेलं असतं. राजस्थानने २ ऑक्टोबर २०११ पासून मोफत औषध योजना सुरू केली, ती याच वाटेने. पासबुक ही वस्तू आमच्या दोन तालुक्यांत कुणाला समजावून सांगावी लागणार नाही. सोसायटीचं असतं, जिल्हा बँकेचं असतं, कारखान्याच्या ठेवीचं असतं. गावात ज्याच्याकडे पासबुक नाही असं मला तरी आमचं उपकेंद्र तेवढं दिसतं.

आता डॉक्टरांविषयी. जनऔषधी केंद्रात औषध मूळ नावाने मिळतं, आणि आमचे डॉक्टर ते कंपनीच्या नावाने लिहितात. ऑगस्ट २०२३ च्या सुरुवातीला राष्ट्रीय वैद्यक आयोगाने मूळ नावानेच लिहिण्याचा नियम काढला आणि त्याच महिन्यात तो स्थगितही केला. एवढ्या थोड्या वेळात रोगीसुद्धा बरा होत नाही. डॉक्टरांचं म्हणणं असं की स्वस्त औषधाच्या गुणवत्तेची खात्री आधी द्या. म्हणणं चुकीचं नाही. पण आमच्या डॉक्टरांनी लिहिलेली गोळी तीन औषधं एकत्र केलेली असते. तिचं नाव एखाद्या मोटारसायकलीसारखं असतं आणि ती त्यांच्याच दवाखान्याच्या तळमजल्यावर मिळते. तिथे माल वरून न आल्याचं मी कधी ऐकलेलं नाही.

केंद्रचालकावर राग काढणं सोपं आहे, पण त्याचा हिशोबही बघावा. छापील किमतीवर त्याला वीस टक्के सुटतात. दहा रुपयांच्या स्ट्रिपवर दोन रुपये. त्यात भाडं, वीजबिल, फार्मासिस्टचा पगार आणि मुदत संपलेल्या मालाचा फटका. औषध जितकं स्वस्त तितकी त्याची कमाई कमी, म्हणजे योजना जितकी यशस्वी तितका तो अडचणीत. त्याला वर प्रोत्साहनाची रक्कम मिळते. ती मिळण्यासाठी सर्वाधिक खपणारी दोनशे औषधं साठ्यात ठेवण्याची अट घातली आहे. अट योग्य आहे. फक्त त्याने मागणी टाकायची आणि वरून यायचं नाही, असं झालं तर दोनशेची अट त्याने कशाने पुरी करायची, ते त्यालाच विचारावं. मी विचारलं. तो म्हणाला, ‘प्रोटीन पावडर न्या की काका.’

योजनेची प्रगती मात्र डोळे दिपवणारी आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये अमृतसरच्या सरकारी रुग्णालयात पहिलं केंद्र उघडलं. ३० नोव्हेंबर २०२३ ला देवघरच्या एम्समध्ये दहा हजारावं उघडलं. २०२५ च्या सुरुवातीला पंधरा हजार झाली, आणि आता लक्ष्य पंचवीस हजारांचं आहे. दरवर्षी ७ मार्चला जनऔषधी दिन साजरा होतो. या सगळ्यात दुकानं मोजली जातात. दुकान मोजायला सोपं, ते एका जागी उभं असतं आणि त्याची फीत कापता येते. किती माणसं चिठ्ठी घेऊन आली आणि रिकाम्या हाताने गेली, हा आकडा कुठल्याच फलकावर नसतो. तो मोजायचा तर काउंटरवर एक वही आणि एक पेन लागेल, आणि त्या वहीचं उद्घाटन करायला कुणी येणार नाही.

आमच्याकडे वर्षातून काही दिवस औषधांची अजिबात चणचण नसते. तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून काटेवाडी, सणसर, निमगाव केतकी करत इंदापूरला पोचते, त्या दिवसांत वाटेवर आरोग्य खात्याचे तंबू असतात, फिरती पथकं असतात. गोळ्या, मलमं, बँडेज, सलाइन सगळं हाताशी. वारकऱ्यांची सोय झालीच पाहिजे, लाखोंची गर्दी असते. मला एवढंच कळतं की ठरवलं तर औषध रस्त्याच्या कडेला तंबूतसुद्धा वेळेवर पोचतं. बाकीच्या अकरा महिन्यांत ते पक्क्या इमारतीत का पोचत नाही, हे तात्यांना समजावणं कठीण जातं. त्यांनी आता आजार आषाढातच काढायचा, असं ठरवलं आहे.

या सगळ्याला किरकोळ कटकट म्हणता येईल, आणि मी तसंच म्हणत आलो. बीपीची गोळी चार दिवस चुकली तर माणूस लगेच काही पडत नाही. पण मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्याने राज्यांना कळवलं की क्षयरोगाच्या औषधांना उशीर होतोय, तीन महिन्यांपुरती तुमची तुम्ही स्थानिक पातळीवर खरेदी करा. क्षयरोग २०२५ पर्यंत देशातून घालवायचा, अशी घोषणा झालेली होती. या औषधात खंड पडला की जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि मग साधा क्षय बिकट क्षय होतो. त्या रुग्णालाही कुठल्या तरी खिडकीवर ‘सोमवारी या’ असंच ऐकू आलं असणार.

माझी मागणी नवी योजना काढण्याची नाही. योजना पुष्कळ आहेत आणि त्यांची नावं लांब आहेत. बाजार समितीत रोज बाजारभाव लिहितात, तसा प्रत्येक केंद्राच्या आणि सरकारी दवाखान्याच्या दारावर रोज सकाळी एक फळा लिहावा. बीपी, शुगर, दमा, थायरॉइड, फिट्स आणि क्षयरोगाची नेहमीची औषधं, पुढे ‘आहे’ किंवा ‘नाही’, आणि ‘नाही’ असेल तर येण्याची तारीख. नुसता वार चालणार नाही. शेजारी ती वही ठेवावी, रिकाम्या हाताने परतलेल्यांची, आणि ७ मार्चला भाषणाआधी तिची बेरीज वाचून दाखवावी. खर्च खडूचा आणि वहीचा. त्यासाठी टेंडर काढू नये, नाहीतर खडूही वरून यायचा.

तोवर वाचकांना विनंती. घरातल्या म्हाताऱ्यांच्या गोळ्या संपायच्या दहा दिवस आधी निघा, चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव डॉक्टरांकडून लिहून घ्या, निघण्यापूर्वी केंद्राला फोन करा, आणि खिशात बाहेरच्या मेडिकलला पुरतील एवढे पैसे ठेवा.